शिकवण्यासाठी अनुदान: बेळगाव सीमाभागातल्या नव्या प्राध्यापकांनी कुठून सुरुवात करावी

संशोधनाला पैसे मिळतात हे कॉलेजात रुजू झाल्या दिवसापासून कानावर पडतं. आपला वर्ग नीट चालावा, मागच्या बाकावरच्यांनाही विषय कळावा, यासाठी पैसे मागता येतात हे मात्र कुणी सांगत नाही. जगभरातली विद्यापीठं आपल्या प्राध्यापकांना नवी अध्यापनपद्धत आणि सर्वांना सामावून घेणारा वर्ग यासाठी लहान लहान अनुदानं देतात. आपल्याकडे त्या नावाचं एकच खातं नाही. पैसा आहे, पण तो वेगवेगळ्या नावांनी वेगवेगळ्या दारांमागे पडून असतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, नाहीतर तिकडे कारवार-हल्याळ भागात नुकतेच नोकरीला लागलेल्यांनी ती दारं कशी शोधावीत, ते इथे सांगतो.

आधी आपण कुणाचे ते बघा

हा प्रश्न साधा वाटतो, पण आपल्या भागात तो सोपा नाही. बेळगाव परिसरातली कला, वाणिज्य, विज्ञानाची बहुतेक कॉलेजं राणी चन्नम्मा विद्यापीठाची. ते 2010 साली भुतरामनहट्टीला सुरू झालं. त्याआधी सगळा कारभार धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातून चाले. कारवार-हल्याळकडचे आजही धारवाडचेच. इंजिनिअरिंगवाले विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे, म्हणजे 1998 साली स्थापन झालेल्या, मच्छेच्या व्हीटीयूचे. वैद्यकीयमध्ये अभिमत विद्यापीठाचा हिशोब निराळा. आणि निपाणीत तर गंमतच आहे. गावाला लागूनच अर्जुननगरचं देवचंद कॉलेज, पण ते कागल तालुक्यात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात, आणि शिवाजी विद्यापीठाशी संलग्न. एकाच गावात राहणारे दोन प्राध्यापक दोन राज्यांच्या योजनांखाली येतात. म्हणून मित्राला अमुक योजनेतून मिळालं म्हणून आपल्यालाही मिळेल असं धरून चालू नका.

ऑफिसात जाऊन तीन गोष्टी विचारा. कॉलेज सरकारी, अनुदानित की विनाअनुदानित? यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, कायद्यातल्या 2(एफ) आणि 12(बी) कलमाखाली मान्यता आहे का? केंद्राच्या बऱ्याच पैशाचा रस्ता 12(बी) मधून जातो. आणि नॅकचं, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या परिषदेचं, मूल्यांकन कधी झालं, पुढचं कधी आहे? हे तिसरं का विचारायचं ते पुढे कळेल.

गेस्ट लेक्चरर असाल तर आणखी एक. बहुतेक योजनांत मुख्य अर्जदार कायम नोकरीतला लागतो. तेव्हा विभागातल्या एखाद्या कायम सरांना किंवा मॅडमना मुख्य करून आपण सहअर्जदार व्हायचं. काम तुम्ही कराल आणि नाव त्यांचं वर येईल, हे खरंच. पण सहअर्जदार म्हणून नाव छापील कागदावर आलंच पाहिजे, यावर मात्र आधीच बोलून घ्या. ‘नंतर बघू की’ म्हणाले तर दुसरे सर शोधा.

वर्ग मोजून घ्या

अर्ज लिहायला बसण्याआधी आपल्या वर्गात कोण बसलंय ते कागदावर आणा. सेमिस्टर सुरू होताच एक साधा तक्ता करा: दहावी कोणत्या माध्यमातून, पीयूसी (अकरावी-बारावी) कोणत्या, घरची भाषा, गाव, येण्याजाण्याची सोय, फोन स्वतःचा की घरात एकच. सीमाभागातल्या कोणत्याही बी.ए. किंवा बी.कॉम.च्या पहिल्या वर्गात हा तक्ता भरला की विषय आपोआप समोर येतो. एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत, मराठी माध्यमात शिकलेली मुलं, कन्नड माध्यमातली, उर्दू माध्यमातली, आणि शहरातल्या कॉन्व्हेंटमधली थोडी. मराठी माध्यमाच्या मुलाला पीयूसीला आलं की इंग्रजी किंवा कन्नड धरावं लागतं, आणि पदवीला येईपर्यंत ते धरलेलं पक्कं झालेलं नसतं. तो हुशार असतो, गप्प असतो, आणि आपण त्याला कच्चा समजतो.

गाव हा रकानाही महत्त्वाचा. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, पावसाळ्यात काय होतं ते सांगायला नको. जुलै-ऑगस्टमधली गैरहजेरी आळसाची नसते, बस न आल्याची असते. जून 2023 पासून शक्ती योजनेमुळे मुलींना सरकारी बसचं तिकीट लागत नाही, ही मोठी गोष्ट झाली; पण बस वेळेवर येईल याची हमी ती योजना देत नाही. पहिला तास कुणाचा बुडतो, हे हजेरीपटावरून महिन्याभरात कळतं.

अपंगत्वाबद्दल भर वर्गात हात वर करायला लावू नका. घडी घातलेल्या चिठ्ठीवर ‘फळा दिसायला, ऐकायला, लिहायला, वाचायला काही अडचण आहे का’ एवढंच विचारा, नाव लिहिणं ऐच्छिक ठेवा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारची अपंगत्वं मोजली आहेत. त्यातली अनेक डोळ्यांना दिसत नाहीत, आणि ज्याच्याकडे प्रमाणपत्र नाही त्यालाही अडचण असतेच.

यासोबत एक छोटी चाचणी घ्या. दहा-पंधरा प्रश्न पुरेत, गुण न धरता. हीच चाचणी वर्षाअखेरीला परत घ्यायची आहे. तुलनेला आधीचा आकडा नसेल तर शेवटच्या अहवालात ‘विद्यार्थ्यांना फायदा झाला’ याच्यापलीकडे लिहायला काही उरत नाही, आणि परीक्षकाला ते वाक्य पाठ असतं.

एकच अडचण धरा

नवख्याचा अर्ज बहुधा इथे फसतो. ‘डिजिटल माध्यमांद्वारे समावेशक उच्च शिक्षण’ अशा मथळ्याखाली सगळं कोंबलं की वाचणाऱ्याला काहीच दिसत नाही. त्यापेक्षा हे बघा.

वाणिज्यच्या पहिल्या सेमिस्टरमधल्या दीडशे-दोनशे संज्ञांची इंग्रजी-कन्नड-मराठी सूची, प्रत्येकीला गावातल्या बाजारपेठेतलं उदाहरण. डिप्रिसिएशनला मराठीत घसारा, कन्नडमध्ये सवकळी, आणि उदाहरण उसाच्या गुऱ्हाळातल्या चरकाचं. मराठी संज्ञा शून्यातून घडवायची गरज नाही. महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाने विषयवार परिभाषा कोश केलेले आहेत. केंद्राचा वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोग आहे. पदवीची पुस्तकं भारतीय भाषांत आणणारं राष्ट्रीय अनुवाद मिशन म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेतून चालतं. तुमचं काम निवडणं, जुळवणं आणि मुलांकडून तपासून घेणं. मुलांनी ‘हे कोण म्हणतंय सर असं’ म्हटलं तर तो शब्द कोशात असला तरी सूचीत नको.

किंवा पावसातल्या तासांसाठी आवाजी टिपणं. व्हिडिओ नव्हे, आठ-दहा मिनिटांचा आवाज. कमी नेटवर्कमध्ये उतरतो, घरातल्या एकाच फोनवर रात्री ऐकता येतो. व्हिडिओचा हट्ट धरणाऱ्यांनी एकदा कणकुंबीत उभं राहून तो उतरवून दाखवावा.

किंवा दृष्टिहीन विद्यार्थ्यांना वाचता येतील अशा नोट्स. आपल्या विभागांतली जुनी टिपणं जुन्या नुडी किंवा श्री-लिपी फाँटमध्ये टाइप केलेली असतात. पडद्यावर ती कन्नड-मराठी दिसतात. पण ते फाँट युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या एकसमान पद्धतीचे, नसल्याने स्क्रीन रीडर (पडद्यावरचं मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर) त्यातून निरर्थक अक्षरं वाचतो. हीच टिपणं युनिकोडमध्ये बदलली की एनव्हीडीए हे फुकटचं सॉफ्टवेअर ती मराठीतही वाचतं आणि कन्नडमध्येही. या प्रकल्पाला खर्च म्हणजे टाइप करून तपासणाऱ्या मुलांचं मानधन, बाकी जवळजवळ काही नाही. एवढ्या कमी पैशात एवढं मोठं काम होणारी दुसरी गोष्ट मला तरी माहीत नाही, आणि आश्चर्य म्हणजे यासाठी फार कमी लोक अर्ज करतात.

कायद्याचा आधारही इथे भक्कम आहे. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांनी किमान 5 टक्के जागा दिव्यांगांसाठी ठेवायच्या, असं 2016 चा कायदा सांगतो. लेखनिक घेणाऱ्याला परीक्षेत तासाला किमान 20 मिनिटं जादा द्यावीत, असं केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनी सांगितलं. उच्च शिक्षण संस्थांच्या सुगम्यतेसाठी यूजीसीचे 2022 चे निकष आहेत. ही तिन्ही सालं अर्जात आली की ‘हे कशाला’ असं विचारणारा गप्प बसतो.

पैसा कुठे आहे

सर्वांत आधी स्वतःच्या संस्थेत. नॅकच्या विद्यापीठं आणि स्वायत्त कॉलेजांसाठीच्या निकषांत संस्थेने प्राध्यापकांना संशोधनासाठी दिलेल्या सीड मनीचा, म्हणजे सुरुवातीच्या लहान रकमेचा, उल्लेख आहे, आणि विद्यार्थ्यांमधल्या वैविध्याची दखल कशी घेतली हेही बघतात. म्हणून ज्या कॉलेजचं मूल्यांकन जवळ आलंय तिथे आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या, समन्वयकांना अशा प्रस्तावाची गरज तुमच्यापेक्षा जास्त असते. मूल्यांकनाची तारीख विचारा म्हटलं ते यासाठी. रक्कम लहान मिळेल. वीस-पंचवीस हजारांतही संज्ञासूचीचा पहिला मसुदा होतो. पुढे मोठ्या ठिकाणी जाताना ‘हे करून पाहिलंय’ असं म्हणता येतं, आणि त्याला मोल आहे.

मग विद्यापीठ. संलग्न कॉलेजांसाठी काही योजना चालू आहे का, हे संकेतस्थळावर शोधत बसण्यापेक्षा विद्यापीठातल्या संबंधित विभागात जाऊन विचारलेलं बरं. परिपत्रकं कॉलेजच्या ईमेलवर येतात, तिथून प्रिन्सिपलांच्या टेबलावर, आणि बऱ्याचदा तिथेच राहतात. ज्या क्लार्कच्या हातात तो ईमेल असतो त्यांच्याशी ओळख ठेवा.

राज्याकडे विज्ञानवाल्यांसाठी व्हीजीएसटी, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाचा व्हिजन ग्रुप आहे, आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातली राज्य विज्ञान-तंत्रज्ञान परिषद, केएससीएसटी. केएससीएसटीची विद्यार्थी-प्रकल्प योजना जुनी आहे; अंध विद्यार्थ्यासाठी प्रयोगशाळेत बोलणारं मोजमापाचं उपकरण करायचं असेल तर तो प्रकल्प इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या नावे तिथे नेता येतो. इंजिनिअरिंगवाल्यांना एआयसीटीईच्या, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेच्या, योजना आहेत, त्यात जुनाट प्रयोगशाळा नव्या करण्याची मॉडरॉब ही नावाजलेली.

समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र, अर्थशास्त्र, भाषा या विषयांना दिल्लीची आयसीएसएसआर, म्हणजे सामाजिक शास्त्रांच्या संशोधनाची परिषद. पण ती संशोधनाला पैसे देते, शिकवण्याला नव्हे. म्हणून तिथे जाताना प्रश्न बदलावा लागतो. ‘तीन भाषांत सूची करायची आहे’ असं नको. ‘माध्यम बदलणाऱ्या विद्यार्थ्यांना संकल्पना कळण्यात मातृभाषेतल्या आधाराने काय फरक पडतो’ असं. काम तेच, फक्त उत्तर शोधण्याची पद्धत मांडून दाखवावी लागते.

पीएम-उषा ही केंद्राची उच्च शिक्षणाची योजना, जी आधी रूसा होती, ती संस्थेला आणि विद्यापीठाला मिळते, एकट्या प्राध्यापकाला नाही. कॉलेजला तो निधी मिळाला असेल तर त्यातल्या प्रशिक्षणाच्या किंवा साहित्याच्या रकमेत तुमचं काम बसतं का, एवढंच विचारा.

एक दार फार कमी लोकांना माहीत असतं. कर्नाटकात 2013 च्या कायद्याने अनुसूचित जाती-जमाती उपयोजनेचा निधी लोकसंख्येच्या प्रमाणात बाजूला काढावा लागतो. 2011 च्या जनगणनेप्रमाणे ते प्रमाण 24.10 टक्के. सरकारी विद्यापीठं आणि कॉलेजांपर्यंत यातला काही भाग पोचतो, आणि वर्षाअखेरीस तो घाईत खर्च होतानाही दिसतो. तुमच्या वर्गातल्या अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी पुरवणी वर्ग, पुस्तकपेटी किंवा स्क्रीन रीडर असलेला संगणक असा नेमका प्रस्ताव ऑक्टोबरातच देऊन ठेवला तर मार्चमध्ये कुणाला तरी तुमची आठवण येते. लाभार्थी त्या प्रवर्गातलेच हवेत, ही अट काटेकोर आहे.

सीएसआरबद्दल, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी खर्च करायच्या पैशाबद्दल, थोडक्यात. उद्यमबाग, मच्छे भागात कारखाने भरपूर, पण सीएसआरचं बंधन सगळ्यांना नाही. निव्वळ नफा 5 कोटी किंवा जास्त, नाहीतर उलाढाल किंवा नेटवर्थ कायद्यातल्या मोठ्या आकड्यांइतकी किंवा त्याहून जास्त असेल तरच. पैसे घेणाऱ्या संस्थेकडे प्राप्तिकराची 12ए आणि 80जी, शिवाय कंपनी कायद्याखालची सीएसआर-1 नोंदणी लागते. तुमच्या शिक्षण मंडळाकडे ती आहे का हे कार्यालयात विचारूनच कंपनीचं दार ठोठवा. परदेशी प्रतिष्ठानाची जाहिरात दिसली तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना एक रुपयाही घेता येत नाही, हे पक्कं डोक्यात असू द्या.

अर्ज लिहिताना

दोन गोष्टी फक्त आपल्या भागाच्या.

पहिली, भाषेचा मुद्दा कसा मांडायचा. सीमाप्रश्नावर तुमचं मत काहीही असो, ते या कागदावर आणू नका. हा सल्ला भिडस्तपणाचा नाही, कामाचा आहे. ‘मराठी विद्यार्थ्यांवर अन्याय’ असं लिहिलेला प्रस्ताव वाचणारा लगेच बाजू निवडतो आणि मुलगा बाजूला राहतो. ‘माध्यम बदलणारे विद्यार्थी’ असं लिहा, त्यात मराठीही आले, कन्नडही, उर्दूही; तक्त्यातले आकडे द्या. हे खरंही आहे. अथणीच्या कन्नड माध्यमाच्या मुलाला इंग्रजी अर्थशास्त्र तितकंच जड जातं. आणि सूचीत कन्नडचा रकाना भरायला कन्नड विभागातल्या सहकाऱ्याला बरोबर घ्या. तो रकाना तपासून घेतलेला असेल तर प्रस्तावाचं वजन वाढतं, आणि राज्य सरकारच्या कार्यालयाकडे जाणारं कन्नड पत्र लिहून द्यायलाही तेच उपयोगी पडतात.

दुसरी, धोरणाची भाषा. राष्ट्रीय शिक्षण धोरण कर्नाटकाने 2021 मध्ये इतरांच्या आधी लागू केलं, आणि पुढे सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील राज्य शिक्षण धोरण आयोगाच्या अंतरिम अहवालानंतर 2024-25 पासून पदवी परत तीन वर्षांची केली. म्हणजे केंद्राच्या योजनेसाठी लिहिताना राष्ट्रीय धोरणातली भारतीय भाषांबद्दलची वाक्यं चालतात. राज्याच्या योजनेसाठी तीच वाक्यं उचलून चिकटवली तर नको तो अर्थ निघतो. प्रत्येक ठिकाणी त्यांची परिपत्रकं वाचून लिहा.

बाकी अर्जात भरायचं ते ठरलेलं: अडचण, आकड्यांसह, काय करणार, कोण करणार, कधी, यश कसं मोजणार, खर्च. अडचणीला एक पान आणि उपायाला चार, असं करू नका. उलटं केलं तरी चालेल.

खर्चाचा नमुना देतो. समजा 50,000 मागायचे आहेत. विद्यार्थी सहायकांचं मानधन 12,000, भाषा आणि विषय तपासणाऱ्यांचं 15,000, छपाई 9,000, आवाज मुद्रणाचा रेकॉर्डर आणि माईक 8,000, मोठ्या अक्षरांतल्या आणि ब्रेलमधल्या काही प्रती 3,000, स्टेशनरी आणि लेखापरीक्षण 3,000. वस्तू कमी, माणसांना जास्त. लॅपटॉप मागितला की समितीच्या भुवया वर जातात, आणि खरं सांगायचं तर बरोबरच जातात. विद्यार्थी सहायकांचं मानधन वगळू नका. मराठी माध्यमातून आलेल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीला पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी टिपणं करताना पैसे मिळाले तर तिचंही शिकणं होतं आणि घरी सांगायला कारणही मिळतं. मात्र मानधन देता येतं का आणि किती, हे योजनेच्या नियमात बघून घ्या.

मंजुरीनंतरची कागदपत्रं

अर्ज नेहमी प्रिन्सिपलांमार्फत जातो, थेट नाही. संस्थेचं मंडळ असेल तर त्यांचा ठराव लागू शकतो, आणि मंडळाची बैठक महिन्या-दोन महिन्यांनी होते. शेवटच्या तारखेच्या आठवडाभर आधी धावपळ करून उपयोग नाही. मंजुरीपत्र आलं की त्यातली खर्चाची शीर्षकं फळ्यावर लिहिल्यासारखी पाठ करा. छपाईचे पैसे प्रवासाला वापरायचे असतील तर आधी लेखी परवानगी.

केंद्राच्या पैशाला बहुधा वेगळं बँक खातं आणि पीएफएमएस, म्हणजे सरकारी पैशाचा हिशोब ठेवणारी केंद्राची ऑनलाइन प्रणाली, लागते. त्या खात्यावर जमलेलं व्याज आपलं नसतं, परत करावं लागतं. खरेदीला राज्याच्या संस्थांत 1999 चा केटीपीपी, म्हणजे सार्वजनिक खरेदीतल्या पारदर्शकतेचा, कायदा लागतो. किती रकमेपर्यंत कोटेशन चालतं ते ऑफिस सुपरिंटेंडेंटना विचारा, त्यांना ते तोंडपाठ असतं. माईक आणला की त्याच दिवशी डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढवा. जीएसटीचं पक्कं बिल कॉलेजच्या नावाने, तुमच्या नावाने नव्हे. गणपत गल्लीतून रोखीने आणलेल्या सामानाची चिठ्ठी हिशोबात चालत नाही, दुकानदार कितीही ओळखीचा असला तरी.

शेवटी यूसी, म्हणजे विनियोग प्रमाणपत्र. केंद्राच्या अनुदानाला जीएफआर, म्हणजे केंद्राच्या वित्तीय नियमांतला, 12-ए हा नमुना. चार्टर्ड अकाउंटंटची सही हवी असते, आणि मार्च-एप्रिलमध्ये सीए भेटणं म्हणजे देव भेटणं. फेब्रुवारीतच कागद नेऊन द्या. यूसी अडकलं तर दुसरा हप्ता अडकतोच, पण त्या कॉलेजातल्या पुढच्या माणसाचा अर्जही अडकतो.

मुलांच्या चिठ्ठ्या, जात, अपंगत्व यांची माहिती अहवालात नावासकट देऊ नका. क्रमांक द्या, आणि नावांची यादी कुलपात ठेवा. आवाज मुद्रित करताना विद्यार्थ्याचा प्रश्न त्यात येणार असेल तर त्याची लेखी संमती घ्या.

बढतीच्या दृष्टीने एक गोष्ट. यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीतल्या संशोधन-गुणांच्या तक्त्यात नवी अध्यापनपद्धत विकसित केल्याला 5 गुण आहेत, नव्या अभ्यासक्रमाच्या रचनेला प्रत्येकी 2. दहा लाखांच्या आतला संशोधन प्रकल्प पूर्ण केला तर 5. म्हणजे हे काम ‘फावल्या वेळेतलं’ नाही, हे विभागप्रमुखांना दाखवायला कागद आहे. मंजुरीपत्र, अंतिम अहवाल, यूसीची प्रत आणि साहित्य जिथे ठेवलंय त्याचा दुवा, एवढं एका फाइलीत स्वतःकडेही ठेवा. ऑफिसच्या फाइली बदलीनंतर सापडत नाहीत.

नकार आला तर कारण लेखी मागा. बऱ्याच ठिकाणी परीक्षकांचे शेरे मागितल्यावर मिळतात. तोच प्रस्ताव, आकडे ताजे करून, दुसऱ्या दारी नेता येतो, आणि तोवर संज्ञासूचीची पहिली पन्नास पानं झेरॉक्सवर काढून वर्गात चालू करायला कुणाच्या मंजुरीची गरज नाही. पूर्ण झालेली सूची मुक्त परवान्याखाली ठेवा, म्हणजे निपाणीच्या पलीकडचे शिवाजी विद्यापीठवाले आणि अलीकडचे राणी चन्नम्मावाले दोघेही ती उचलून त्यात भर घालू शकतील.